ओपीडीतली आपली मराठी

ताई,

तुझ्या तेराव्याला अनिकेतने मला चार शब्द बोलायला उभं केलं आणि मी सरळ खोटं बोलले.

त्याने ओळख मात्र छान करून दिली. "ही स्वाती मावशी. गाझियाबादच्या सरकारी दवाखान्यात आई नर्स आणि ही काउन्सेलर. प्रेग्नंट बायकांची ओपीडी. दोघी नऊ वर्षं एकाच खोलीत बसल्या. मतलब, आईने आमच्यापेक्षा जास्त टाइम मावशीबरोबर काढला." लोक हसले, मग रडले. तुझा मुलगा पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकला, तरी 'मतलब'शिवाय त्याचं वाक्य पुढे सरकत नाही. तू असतीस तर तिथेच त्याला टोकलं असतंस.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "मंदाताईंच्या हातून कधी कुणाचं वाईट झालं नाही." तुझा तो पासपोर्टसाठी काढलेला फोटो समोर होता, ज्यात तू कुणीतरी रांग मोडल्यासारखी बघतेस. त्याच्याकडे बघून मला पुढचं सुचेना. सगळ्यांना वाटलं, गहिवरून आलं. मी बसले. कुणीतरी हातात चहा दिला.

तुझ्या हातून वाईट झालं नव्हतंच, तुझ्या तोंडून झालं होतं. आणि माझ्या. तू गेलीस ती सगळं आपल्या एकटीच्या अंगावर घेऊन. माझा वाटा मी तुला कधी दाखवलाच नाही. तो दाखवायला आता बसले आहे, तू वाचणार नाहीस हे माहीत असताना. जिवंत होतीस तेव्हा तीन वर्षं हाताशी होती, तेव्हा हिंमत झाली नाही.

पहिल्या वर्षी मी तुला 'अहो मंदाताई' म्हणायचे. एका दुपारी डबा उघडता उघडता तू म्हणालीस, "अहोजाहो घरी सासूला कर. इथे दोघीच आहोत मराठी, त्यातही अंतर ठेवणार का?" त्या डब्यात भोपळ्याची भाजी होती. मला भोपळा आवडत नाही हे मी तुला पाच वर्षांनी सांगितलं आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पाच वर्षं खोटं खाल्लंस, म्हणालीस. तेव्हा हसले होते.

आपल्या खोलीला दार नव्हतं. प्लायवूडचं पार्टिशन आणि हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे तू, मी आणि एक गर्भार बाई. पलीकडे बाकावर तिची सासू, जाऊ, नणंद, आणि पुढच्या वीसजणी. तू भिंतीच्या टेबलाशी उभी राहायचीस, खोलीकडे पाठ करून. बोटातलं थेंबभर रक्त पट्टीवर टाकायचं, वीस मिनिटं थांबायचं, रेघा वाचायच्या. मी बाईच्या समोर बसायचे. एचआयव्ही, सिफिलिस, असलं काही निघालं की ते तिला सांगायचं काम माझं.

मी लागले त्या वर्षीच एका पोरीचा रिपोर्ट पडद्याबाहेर गेला. तू तो हिंदीत मला सांगितला होतास, हळूच, पण प्लायवूड ते प्लायवूड. पुढच्या बुधवारी ती आली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. "बाथरूम में फिसल गई," ती म्हणाली. रोग नवऱ्याने आणलेला, हात हिचा मोडला. तू त्या दिवशी जेवली नाहीस. संध्याकाळी कपडे बदलताना म्हणालीस, "उद्यापासून या खोलीत रिपोर्ट मराठीत. काय ऐकायचंय ते ऐकू देत."

आणि चाललं ना गं ते. किती छान चाललं. तू भिंतीकडे तोंड करून म्हणायचीस, "स्वाती, हिची आली बघ," की मी पडदा सारून सासूला म्हणायचे, "अम्मा, आधार की फोटोकॉपी करा लाओ, गेट के बाहर." सासू गेली की आपल्याला दहा मिनिटं मिळायची. त्या दहा मिनिटांत मी तिला सांगायचे, की औषध आहे, जुनं आणि पक्कं औषध आहे, तीन बुधवार तीन इंजेक्शनं घेतलीस तर तू बरी आणि पोटातलंही बरं. नवऱ्यालाही घेऊन ये, नाहीतर तो पुन्हा देईल. जे थोडे नवरे यायचे त्यांना तू इंजेक्शन देताना म्हणायचीस, "शरम आ रही है? अच्छा है. देर से आई, पर आई." बायकांच्या वेळी मात्र सिरिंज दोन्ही तळव्यांत धरून आधी ऊब द्यायचीस. दाट औषध, थंडीत फार दुखतं. तुला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला.

पण आपली मराठी रिपोर्टापुरती राहिली नाही. हळूहळू त्या पडद्याआड आपण वाटेल ते बोलायला लागलो. मोठ्या डॉक्टरांनी केस काळे केले ते, कुठल्या सासूलाच आधी टोचायला हवं ते, कुणाचं कितवं आणि नवऱ्याचं तोंड कसं आहे ते. समोर बसलेली बाई पंख्याकडे नाहीतर फरशीकडे बघत राहायची. आपल्याला त्यात गंमत वाटायची. घरी गेल्यावर मी नवऱ्याला ते सांगून हसवायचे. एवढ्या परक्या शहरात आपलं असं काहीतरी आहे, असं वाटायचं. लाज वाटावी असं काही करतोय हे डोक्यातही आलं नाही.

तो जानेवारीतला बुधवार तुला शेवटपर्यंत पाठ होता, मलाही आहे. सकाळी कोहरा इतका, समोरचं दिसेना, की अकरापर्यंत कुणी आलंच नाही आणि मग एकदम सगळ्या आल्या. दुसरी सिस्टर रजेवर होती, तुझा गुडघा सुजलेला. कार्डावर नाव पूनम, वय बावीस, पाचवा महिना. शाल कपाळावरून नाकापर्यंत ओढलेली. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर सासूने दिलं. "बोलती कम है. पहले एक खराब हो गया था, सातवें में." मग सासूला मी पडद्याबाहेर बसवलं आणि तू पट्टी वाचलीस.

तू म्हणालीस, "स्वाती, आली बघ हिची पण. सिफिलिस. चांगली ठळक रेघ आहे."

मी म्हटलं, "हळू. सासू इथेच आहे."

"असू दे. ते सातव्यातलं गेलं ना, ते ह्यानेच. आणि हेही काही राहत नाही, मी सांगते तुला. नवरा यायचा नाही, ही परत यायची नाही, आपण नुसती कार्डं भरायची. बोट टोचलं तरी हूं नाही की चूं नाही. हिला सांगण्यापेक्षा ह्या भिंतीला सांगितलेलं बरं."

तू थकली होतीस. तुला तसं वाटत नव्हतं, मला माहीत आहे. पाचवा महिना म्हणजे भरपूर वेळ होता, हे तूच तर मला शिकवलं होतंस. ते वैतागाचं बोलणं होतं, गुडघ्याचं बोलणं होतं. माझ्याकडे बघून बोलली असतीस तर मीच तुला दटावलं असतं.

आता ऐक. तुझी पाठ होती, माझी नव्हती. तू 'हेही काही राहत नाही' म्हणालीस तेव्हा तिचा एक हात शालीतून बाहेर आला आणि पोटावर टेकला. तिने तुझ्या पाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आपल्यासमोर बसलेल्या, न कळणाऱ्या बायका किती पाहिल्या मी. त्या माझ्या तोंडाकडे असं बघत नाहीत. ही माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी काहीतरी वेगळं म्हणेन म्हणून थांबली होती.

आणि मी म्हणाले, "हो ना, खरंय."

एवढंच. पडद्यापलीकडे रांग होती, माझं लक्ष रजिस्टरात होतं, तुझ्या वैतागाला हूं म्हणायची सवय होती. हात दिसला, नजर दिसली, आणि तरी तोंडातून तेच गेलं. मग मी सासूला फोटोकॉपीला पाठवलं आणि तिला हिंदीत सगळं नीट समजावलं. खून में इन्फेक्शन है, घबराना नहीं, तीन सुइयाँ लगेंगी, बच्चा ठीक रहेगा. खरं होतं त्यातलं अक्षर न् अक्षर. तिने मान हलवली. तू सिरिंज तळव्यांत धरून गरम केलीस, तिला पहिलं इंजेक्शन दिलंस. ती गेली.

पुढच्या बुधवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कार्डावरचा फोन नवऱ्याचा, तो म्हणाला, राँग नंबर. तेव्हा तू कार्डावरच्या गावच्या आशा दीदीला विचारलंस, जी घरोघर फिरून बायकांना आपल्याकडे आणते. आपण जेवायला बसलो होतो. तिने आपल्या डब्यातली पोळी मोडून घेतली आणि म्हणाली, "पूनम? अरे वो तो मोल की बहू है जी. इधर लड़कियाँ कम हैं ना, बाहर से ले आते हैं. ये तो आपके ही उधर की है, महाराष्ट्र की. आपकी बोली सुन के तो खुश हुई होगी बेचारी."

तू डब्याचं झाकण लावलंस. बराच वेळ ते बसेना, आटे जुळेनात. आशा दीदी गेल्यावर तू मला विचारलंस, "तू तिच्या समोर होतीस. तिला कळलं असं वाटलं का तुला?"

मी म्हटलं, "छे गं. किती भरभर बोललीस तू. आणि कुठल्या खेड्यातली असेल, तिची बोली वेगळी असेल."

"नीट आठवून सांग."

"नाही कळलं, ताई. शप्पथ."

शप्पथ म्हणाले मी. तुला बरं वाटावं म्हणून, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे 'हो ना, खरंय' हे माझं वाक्य तुला आठवू नये म्हणून. तुला ते आठवलंही नाही. तुला फक्त तुझंच आठवत राहिलं.

त्या रविवारी तू मला घेऊन त्या गावाला गेलीस. तसं जायला आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, कळलं असतं तर मेमोच मिळाला असता. पर्समध्ये औषधाची बाटली, सिरिंज, रुमालात गुंडाळलेली. बसमधून उतरून ई-रिक्षा, मग उसाच्या शेतांमधून पायी, तुझा तो गुडघा घेऊन. गुळाचा वास सगळीकडे. लोखंडी फाटक होतं. सासूने अर्धंच उघडलं.

"मायके गई है, जापे के लिए."

तू म्हणालीस, "कौन से मायके? कब आएगी?"

"वही, उधर. नासिक-वासिक. जब आना होगा आ जाएगी." आणि फाटक लागलं.

विकत आणलेल्या सुनेला कोण माहेरी पाठवतं बाळंतपणाला? तू तिथून हललीच नाहीस. फाटकाचे गज धरून, भर रस्त्यात, मोठ्याने मराठीत ओरडायला लागलीस. "बाई गं, मी दवाखान्यातली नर्स! चुकलं माझं! काहीतरीच बोलले मी, खरं नव्हतं ते! तुझं सगळं नीट होईल, औषध अर्धं राहिलंय, घ्यायला ये! बाई, ऐकतेस का?" पोरं जमली. समोरच्या ओट्यावरचे हुक्केवाले हसायला लागले. गच्चीवर कपडे वाळत होते, त्यांच्यामागे कुणी होतं की नव्हतं ते कळलं नाही. मी तुझ्यामागे पर्स धरून उभी होते.

परतताना बसमध्ये तू म्हणालीस, "माझ्या जिभेला हाड नाही, स्वाती." तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून तू ओपीडीत मराठी बंद केलीस. नुसता रिपोर्टच नाही, सगळंच. मीठसुद्धा हिंदीत मागितलंस. "स्वाती, नमक देना." तीन वर्षं. बाहेर गेटपाशी आल्यावर तू पुन्हा मराठी व्हायचीस, पण त्या खोलीत मी तुला पारखी झाले. मला राग यायचा, ताई, तुझ्यापासून लपवणार नाही. मी भांडायचे. म्हणायचे, ती एक होती, बाकी सगळ्यांची अब्रू ह्याच मराठीने राखली, त्या प्लास्टरवाल्या पोरीला विसरलीस का? तू म्हणायचीस, मग दारासाठी अर्ज कर. आणि तू स्वतः करायचीस. दर तिमाहीला एक अर्ज, माझ्या अक्षरात, तुझ्या सहीने: महोदय, कक्ष में दरवाजा न होने के कारण. हिंदीतच अर्थात. दार आलं नाही. पार्टिशनला नवा रंग मात्र आला.

शेवटचं भांडण तर अर्धंच राहिलं. त्या आठवड्यात एकीच्या जावेने पडद्याबाहेरून हिंदीतला रिपोर्ट ऐकला आणि बाकावरच तमाशा झाला. ती पोरगी तोंड झाकून पळाली. मी तुला म्हणाले, "बघ, तुझ्या हिंदीचा परिणाम. झालं समाधान?" तू पेनाचं टोपण लावलंस, पर्स उचललीस. तो शनिवार. सोमवारी पहाटे अनिकेतचा फोन आला. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं 'झालं समाधान' हे आहे.

तुझ्याकडून मी काय काय घेतलं ते तेराव्याला सांगता आलं नाही. मला दिवस गेले तेव्हा माझी पट्टीही तूच वाचलीस. वीस मिनिटं मी त्याच खुर्चीत बसले होते, रोज दुसऱ्यांना बसवते त्याच. कारण नसताना घाम फुटला होता. तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "काही नाही गं, सगळं नीट आहे तुझं," आणि मला एकदम रडू आलं. तू वळलीसही नव्हतीस, तरी माझा पूर्ण विश्वास बसला. माझी मीरा झाली तेव्हा तू दोन मेट्रो बदलून डिंकाचे लाडू घेऊन आलीस, त्यातला एक वाटेत तूच खाल्ला होतास. तुझ्या पाठीचा मला एवढा भरवसा होता. मग त्या मुलीला का नसावा? किती वर्षांनी तिने आपली भाषा ऐकली असेल. दोन बायका मोकळेपणी आपसात बोलतायत, म्हणजे खरंच असणार ते.

हे सगळं पोटातच राहिलं असतं. पण या बुधवारी ती आली.

तुझ्या जागी नवी सिस्टर आली आहे, केरळची, चांगली आहे, हात हलका आहे. तिनेच पट्टी वाचली आणि मला खुणेनं दाखवली. मी कार्ड पाहिलं. पूनम, वय पंचवीस, सहावा महिना. शाल नव्हती, उन्हाळा आहे, ओढणी होती. मी सासूला फोटोकॉपीला पाठवलं. मग खाली वाकून मी मराठीत म्हणाले, "बाई, मला ओळखलंत का?"

ती म्हणाली, "हिंदी में बोलिए, मैडम."

तिला येत नव्हतं असं नाही. तिला बोलायचं नव्हतं. मी हिंदीत विचारलं, पिछला बच्चा?

"आठवें में. मरा हुआ."

"पति को सुई लगी थी?"

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग तुझ्या टेबलाकडे पाहिलं. "वो दूसरी मैडम नहीं दिखतीं."

मी सांगितलं, गुजर गईं, इसी महीने. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "हमारे गेट पर आई थीं. मैं छत पर थी. बहुत आवाज लगाई उन्होंने."

"तो उतरी क्यों नहीं?"

"किसलिए उतरती? यहाँ बोलीं नहीं बचेगा, वहाँ बोलीं सब ठीक होगा. गेट पर तो सास भी खड़ी थी. सबके सामने तो सब अच्छा ही बोलते हैं." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, "आपने भी तो कहा था, खरंय."

तेवढा एक शब्द मराठीत बोलली. माझाच. तुझं बोलणं तिला तोडून गेलं असेल, पण ती वाट माझी बघत होती, ताई. हे तुझ्या अंगावरून काढून माझ्या अंगावर घ्यायला हवं होतं, आणि तू नाहीस.

मी तिला हिंदीत सगळं सांगितलं. की ते चुकीचं होतं, दोघींचंही. की हे औषध तेव्हाही लागू पडलं असतं आणि आताही पडेल. सहावा महिना म्हणजे उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. आज एक, मग दोन बुधवार, आणि नवऱ्याला कसंही करून आण. मी तिचे हात धरले. मी किती कळवळून बोलत होते ते नव्या सिस्टरनेही पाहिलं, तिला मागचं काही माहीत नव्हतं तरी तिचे डोळे भरले.

तिने ऐकून घेतलं. हात सोडवून घेतले नाहीत. पण ती माझ्या तोंडाकडे तशीच बघत होती. मग म्हणाली, "मैडम, ये जो आप मुझे बोल रही हो, ये तो सबको बोलती हो. आपस में क्या बोलती हो, वो बताओ."

पडद्यापलीकडे तिच्या सासूचा आवाज आला, फोटोकॉपी झाली होती. पुढचा नंबर कुणीतरी पुकारला. नव्या सिस्टरने सिरिंज भरली आणि लगेच टोचली, थंडच. तिने हूं की चूं केलं नाही. कार्ड उचललं आणि सासूच्या मागोमाग गेली. दुसऱ्या इंजेक्शनचा बुधवार येतोय. ती येईल असं मला वाटत नाही, आणि हे मी कुणापाशी म्हणणारही नाही.

तिला हवं होतं ते अगदी थोडं होतं, ताई. तू भिंतीकडे तोंड करून उभी असतीस, आणि मी रजिस्टरात मान घालून, तिच्याकडे न बघता, तुला म्हणाले असते, "हिचं बाळ राहील गं, ताई." तू पाठमोरीच म्हणाली असतीस, "हो ना, खरंय." तिचा विश्वास बसला असता. त्या खोलीत आता माझ्याशी आपसात बोलायला कुणी नाही.

तुझी,
स्वाती